जयसिंगसाठी तीन मैल

"त्याला यातलं काही कळता कामा नये," कुसुमताई म्हणाल्या. "शपथ घ्या."

भीमराजनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

नगरपालिकेच्या या आरोग्यसेविका बाई एरवी दारातूनच विचारपूस करून पुढच्या घरी जायच्या. आज चक्क आत येऊन खाटेवर टेकल्या होत्या आणि आवाज खाली आणून बोलत होत्या. जयसिंगच्या हृदयात दोष आहे म्हणाल्या. रोज तीन मैल चालला तर निभावेल, नाहीतर काही खरं नाही. पण माणूस पडला हळवा. कळलं तर धसक्यानंच जायचा.

"तुम्ही फक्त म्हणायचं, मला एकट्याला करमत नाही, चल सोबतीला. तुमचं ऐकेल तो."

जयसिंग! पासष्ट साली बीडकडून एक पत्र्याची पेटी घेऊन भीमराज भोसरीत उतरला, तेव्हा याच जयसिंगनं आपल्या एका खोलीत त्याला आठ महिने ठेवून घेतलं होतं. फोरमनच्या मागं लागून कंपनीत चिकटवलं होतं. आणि त्या उपकाराचा एका शब्दानं कधी उच्चार नाही. आता तीन पोरी होत्या त्याच्या पदरात, सगळ्यांत धाकटी अजून रांगत होती.

चालायचं म्हणजे मात्र पंचाईतच होती. चौऱ्याहत्तर सालची भोसरी ती. तिथं माणूस चालायचा तो शिफ्टला, नाहीतर दळणाला. रिकाम्या हातानं रस्त्यावर दिसला की चौकशी सुरू, "काय राव, कामावरून काढलं का?" नगरपालिकेनं 'रोज चाला, निरोगी राहा' असे कागद भिंतोभिंती लावले होते. ते डकवत फिरणारा शिपाई तेवढा चालला. बाकीच्यांनी ढुंकून पाहिलं नाही. भीमराजनंही नाही. स्वतःसाठी एवढ्या पहाटे कोण उठतंय!

जयसिंगसाठी मात्र तो उठला. साडेपाचला त्याच्या दारी गेला, तर गडी चपला घालून उंबऱ्यात उभाच.

"तुझ्याकडंच निघालो हुतो," जयसिंग म्हणाला.

"माझ्याकडं? कशापायी?"

"कशापायी न्हाई. पाय मोकळं करून येऊ म्हनलं. चल की!"

भीमराजला हायसं वाटलं. खोटं बोलायची वेळच आली नाही.

फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दीड मैलावर ओढ्यावरची एक मोरी होती. तिथवर जायचं आणि परतायचं. पहिल्या दिवशी दोन कुत्री मागं लागली आणि तिसऱ्या दिवशी पानवाल्यानं कामावरून काढलं का म्हणून विचारलंच. भीमराजनं लाज गिळली. जयसिंग मोरीपाशी दर वेळी थांबायचा. "बस जरा. दम खा," म्हणायचा. दम स्वतःला लागलाय आणि नाव माझं घेतोय, बिचारा! भीमराज निमूट बसायचा. चांगला पाच मिनिटं बसायचा, मित्राची छाती शांत व्हावी म्हणून.

मग त्यानं बिड्या सोडल्या. "खोकला येतो," अशी थाप मारून बंडल गटारात फेकलं. जयसिंगनं लगेच आपलंही फेकलं. त्या दिवशी भीमराजला इतका आनंद झाला, की घरी येऊन त्यानं बायकोला, गिरजाबाईला, विनाकारण चहा करून पाजला. "ताप आलाय का तुमास्नी?" असं तिनं कपाळाला हात लावून विचारलं.

कधी ओव्हरटाइम करून अंग ठणकत असायचं. वाटायचं, मरू दे, आज नको. मग ती रांगती पोर डोळ्यांपुढं यायची आणि तो पाय ओढत निघायचा. एकही दिवस चुकला नाही.

हळूहळू रस्त्यावर इतरही दिसू लागले. आधी वर्कशॉपातले ज्योतीराम आणि भिमाजी. मग शाळेचे गुरुदत्त मास्तर आणि त्यांचे शेजारी. पिंपळे सौदागरात चालतात, रहाटणीत चालतात, अशा बातम्या येऊ लागल्या. बायकासुद्धा दोघी-दोघी निघायच्या. आता पानवाला काही विचारीना. तोही शेजारच्या न्हाव्याला घेऊन चालत होता. कागदांनी जे झालं नाही ते कसं झालं, कोण जाणे.

दोन वर्षांनी कुसुमताईंची बदली झाली. नगरपालिकेच्या पटांगणात निरोपाचा कार्यक्रम ठेवला, तर माणसं मावेनात. अध्यक्ष म्हणाले, दवाखान्यातली गर्दी निम्म्यावर आलीय, सगळं गाव चालायला लागलंय, आणि याचं श्रेय या बाईंना. टाळ्या थांबेनात. भीमराजनं तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या. शेजारी जयसिंग उभा होता, ताठ, तुकतुकीत, दोन वर्षांत एकदाही आजारी न पडलेला. त्याच्याकडं बघून भीमराजचे डोळे भरून आले. हा माणूस आज दिसतोय तो या माउलीमुळं.

मग बाईंना भेटायला रांग लागली. जो तो सोबत्याला मागं थांबवून एकटाच पुढं जाई, त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोले आणि डोळे पुशीत परते. एवढं काय गुपित असतंय लोकांचं, भीमराजला हसू आलं. त्यानं मात्र शब्द जुळवून ठेवले होते. 'बाई, माझा दोस्त तुमी मला परत दिला.'

जयसिंगचा नंबर आधी आला. "तू हितंच थांब रं," म्हणून तो पुढं झाला आणि बाईंच्या कानाशी वाकला. पण पंधरा वर्षं कंपनीत घणाच्या दणदणाटात काढलेला माणूस तो, त्याचं कुजबुजणंही चार जणांना ऐकू जायचं.

"बाई, तुमचे लई उपकार झाले. दोन वर्षं रोज नेला त्याला, पर त्याच्या दुखण्याचा त्याला पत्ता लागू दिला न्हाई," जयसिंग म्हणत होता. "आता जायच्या आधी तेवढं खरं सांगा. आमच्या भीमराजचं काळीज आता कसं हाय?"