बोली
यवतमाळच्या लिलावात ती जुनी तोड्याची बंदूक टेबलावर आली, तसं खेमसिंगनं बायकोला पुन्हा बजावलं, "पाच हजाराच्या वर जायचं नाही. घरूनच लिमिट ठरवून निघालो आपन." धनीबाईची नजर दस्त्यावरच्या पितळी चांदावर खिळली होती. मिठाचे बैल घेऊन तांडा चालायचा, तेव्हा तिचा पणजोबा हीच बंदूक खांद्यावर टाकून राखणीला असायचा. या चांदाची गोष्ट ऐकतच ती मोठी झाली होती. पण बघता बघता एका हॉटेलवाल्यानं पाच हजार पुकारले आणि तिला गप्प बसावं लागलं. "पांच हजार एक, पांच हजार दो," लिलाववाला हिंदीत ओरडू लागला. हॉटेलवाला शेजाऱ्याला म्हणाला, "लमाणी दरोडेखोराची बंदूक! अशीच पाटी लावून काउंटरवर टांगतो." धनीबाई ताडकन उठली. "मार छ!" ती ओरडली. माझी आहे! रागात तोंडून निघाली ती तांड्याची बोली. लिलाववाल्याला वाटलं, लिलावाची. "बाई के छ हजार!" त्यानं पुकारलं. हॉटेलवाल्यानं हात झटकले. खेमसिंग घाबरून तिची ओढणी ओढू लागला, "अवं, सांग ना त्याले, तू सहा बोललीच नाही म्हनून!" लिलाववाल्याचा हातोडा वरच थांबला होता. धनीबाईनं ओढणी सोडवून घेतली आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "काय सांगू त्याले? माझी नाही म्हनून?"