दातामागची खाच

शारदानं तोंड उघडलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. खुर्चीत आडवं झाल्याबरोबर कमरेला खोचलेली, भाजक्या तंबाखूच्या मिश्रीची डबी कुशीत रुतायला लागली. सकाळी डबी घरीच ठेवून निघाली होती ती, पण उंबऱ्यावरून परत फिरली. दातांच्या डॉक्टरकडं मिश्री घेऊन जाणारी बाई मुठा गावात दुसरी सापडायची नाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्या जावेच्या गालाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी शैलेशनं, तिच्या एकुलत्या एका लेकानं, तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि मिश्री सोडल्याची शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. अकरा दिवस पाळलीसुद्धा. बाराव्या दिवशी भातलावणीला बायका बांधावर टेकल्या, एकीनं मिश्रीचा तळहात पुढं केला आणि शारदाचं बोट आपसूक त्यात गेलं.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. पोरगा रोज मोटारसायकलवर घोटावड्यावरून हिंजवडीला जाणार, रस्त्याला ते डंपर आणि त्या कंपन्यांच्या गाड्या. त्याला दहा मिनिटं उशीर झाला की ही अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून अंगणात. डोक्यावर घेतलेली शपथ उतरवायची तर ज्याचं डोकं त्यानंच ‘सुटली’ म्हणावं लागतं. लहानपणी हाच शैलेश दिवसातून दहा शपथा घ्यायचा आणि दहा वेळा सोडवून घ्यायचा. आता त्याला ‘सुटली’ म्हणायला सांगायचं, तर कशापायी ते सांगावं लागणार. एकदा त्याची मोटारसायकल बंद पडली होती, तेव्हा तिनं मुद्दाम फोन करून विचारलं, कंपनीची बस सुटली का. तो ‘सुटली’ म्हणाला. तिनं फोन ठेवून देवाला हात जोडले. पण पोराला फसवून सोडवलेली शपथ सुटत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्यात चार महिन्यांपासून वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा एक दात हलायला लागला. हिरडी सुजायची, पू यायचा. शैलेशचा संशय लगेच मिश्रीवर गेला. तिनं साफ नाही म्हटलं. त्याला खरं वाटेना. आठ दिवस त्यानं तिच्या हातचा चहा घेतला नाही. शारदाला वाटलं, ज्या तोंडानं खोटं बोलले त्या तोंडात हे पहिलं उमटलं. आता डोक्याची पाळी. तोंडाचं तिला काही नव्हतं, सगळे दात गेले तरी चाललं असतं. डोकं तिचं नव्हतं.

पिरंगुटच्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शिनींनी एक बारीक सळई दातामागून हिरडीत सरकवली. ती जातच राहिली. त्यांनी एक्स-रे काढला, बराच वेळ पाहिला आणि बाहेर बसलेल्या शैलेशला आत बोलावलं. आता बाई सगळं बोलणार, या धास्तीनं शारदानं पदर कमरेभोवती घट्ट आवळला.

“तुम्ही म्हणता तसं हे मिश्रीमुळं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मिश्रीचं असतं तर सगळ्याच हिरड्या अशा झाल्या असत्या. इथं एकच दात आहे. त्याच्या मागं खाच आहे, थेट मुळापर्यंत. दात घडतानाच पडलेली.”

मग त्यांनी सावकाश समजावलं. अशा खाचेला हिरडी नीट चिकटत नाही, ब्रश पोचत नाही, घाण आतल्या आत उतरत जाते आणि हाड खाते. हिरडी उघडून खाच साफ करायची आणि बुजवायची, दात बहुतेक वाचेल. फक्त मिश्री चालू असेल तर हिरडीचे टाके भरून यायचे नाहीत. सोडलीय ना, त्यांनी विचारलं.

“तीन वर्षं झाली,” शैलेशनंच उत्तर दिलं. आणि डॉक्टरांसमोर त्यानं आईच्या पायांना हात लावला. “आई, चुकलं माझं. तू शपथ घेतलीस, तरी मी तुला खोटं ठरवलं.”

पोराचा राग गेला, पाप तिच्या माथी नाही असं डॉक्टरनं सांगितलं, आणि शारदाला मात्र तिथंच मरून जावंसं वाटलं.

डॉक्टर हातमोजे काढता काढता सहज म्हणाल्या, कधीकधी हे आईकडून मुलाकडं येतं, तुम्हीही एकदा दाखवा. शैलेश हसला. मग हसायचा थांबला. दोन महिने ब्रश करताना त्याच्याही त्याच दाताशी रक्त येत होतं, घरी बोलला नव्हता.

माय-लेकांनी जागा बदलल्या. डॉक्टरांनी नवे हातमोजे घातले आणि छोटा आरसा आत धरला.

“आहे. अगदी तिथंच. पण वेळेत सापडलं, घाबरू नका. ही खाच तुम्ही वर्ष-दीड वर्षाचे असतानाच पडलेली असणार.”

म्हणजे शपथेच्या कितीतरी आधी. शारदाला ते कळलं, पटलंही. पण डोळे शैलेशच्या डोक्यावरून हलेनात. डॉक्टरांनी दिवा ओढला, सळई उचलली आणि मोठं तोंड उघडायला सांगितलं.

शारदा पुढं झाली. तिनं कमरेची डबी काढून लेकाच्या मुठीत दिली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“थांबा बाई,” ती म्हणाली. “शैलेश, आदी ‘सुटली’ म्हन. मंग तोंड उघड.”