किंमत येईना
पुढच्या महिन्यातल्या सेलआधी ऑनलाइन दुकानाचं एपीआय, म्हणजे फोनने सर्व्हरकडून माहिती मागवायची पद्धत, जुनं रेस्टच ठेवायचं की नवं ग्राफक्यूएल करायचं, यावरून सकाळपासून खडाजंगी चालली होती. रेस्ट साहेबांचं लेकरू. त्यात चित्र, किंमत, साठा, प्रत्येकासाठी सर्व्हरकडे वेगळी फेरी. ग्राफक्यूएल हवं तेवढंच एका फेरीत आणतं, हे त्यांची प्रोग्रामर कानीकपाळी ओरडून सांगत होती. शेवटी तिने सासूबाईंचा जुनाट फोन टेबलावर ठेवला, साहेबांना आपल्याच दुकानातल्या चपलांचं पान उघडायला लावलं आणि बजावलं, "उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही." चक्र फिरत राहिलं. चित्र आलं, किंमत येईना. साहेबांनाच राहवेना. "अगं, सासूला नवा फोन घेऊन दे की!" "त्या फोन नाही बदलत, साहेब. दुकान बदलतात." सगळे हसले, ती नाही. किंमत यायच्या आत साहेबांनी फळ्यावरचं 'रेस्ट' तळहाताने पुसलं आणि म्हणाले, "तुझ्या सासूला म्हणावं, सेलपर्यंत जरा कळ काढा."