हे नाव आधीच वापरात आहे

ऑफिसातले नवे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडता जोडता तिच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. एका नेटवर्कवर एकच नाव दोघांना चालत नाही. शेवटच्या कॉम्प्युटरसाठी तिला नाव सुचेना, म्हणून तिने घरचं आपलंच नाव टाकलं: ठकी.

‘हे नाव आधीच वापरात आहे.’

तिने बाकीच्या सगळ्यांच्या वायरी काढल्या. तरी तेच.

“जाऊ दे मरू दे,” म्हणत, उशीर होईल हे सांगायला तिने घरी फोन लावला.

“आई, मी ठकी.”

आई घुटमळली. “कोण हवंय आपल्याला? आमची ठकी मघाशीच आली. दमून झोपलीये बिचारी.”

क्षणभर तिला त्या झोपलेलीचा हेवाच वाटला.

मग पलीकडून, झोपेने जड झालेल्या तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, “आई, कोण आहे गं?”