निवेदन कोणाचं?

“माझ्या मुलीचा आवाज कापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

वडील संगणकाच्या खोलीच्या दारातूनच कडाडले. आत बाई वायरी गुंडाळत बसल्या होत्या. वडिलांच्या मागे त्यांची नववीतली मुलगी, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी.

मुलांनी वर्गात बनवलेले तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काल पालकांना दाखवले होते. वडील वेल्डर. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. मुलीचा व्हिडिओ शाळेसमोरच्या सिग्नलवर होता. पायी जाणाऱ्यांना तिथे अकरा सेकंद मिळतात. काठी टेकत चालणाऱ्या एका आजींना रस्ता ओलांडायला सव्वीस लागले. कल्पना मुलीची. कोणत्या दृश्यानंतर कोणतं, याचे कागदावर आखलेले चौकोन तिचे. तीन दिवस कडेला उभं राहून केलेलं चित्रण तिचं. आवाज मात्र शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा. शेवटी पडद्यावर ‘निवेदन’ असं आलं आणि पुढे त्या मैत्रिणीचं नाव. सभागृहभर टाळ्या पडल्या. वडिलांचे हात मांडीवरून उठले नाहीत.

“पोरगी बोलताना अडखळते म्हणूनच ना?” ते आता टेबलापाशी आले होते. “चारचौघांत शाळेची शोभा नको! राबायचं माझ्या पोरीनं आणि मिरवायचं दुसरीनं?”

“मी काही कापलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “तो निर्णय तिचा होता.”

“तिच्यावर ढकलू नका!” त्यांनी टेबलावर हात आपटला. कीबोर्ड उडाला. “दुकानदार हसतो, पाहुणे हसतात. आजवर मी एकालाही जास्त वेळ हसू दिलेलं नाही. आणि इथे शिकलेली माणसं तिला मुकी करून बसवतात?”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. “तू घरी केलेलं रेकॉर्डिंग ऐकवू का गं त्यांना?”

मुलीचे ओठ हलले. “न... न...”

“नक्की ऐकवा, म्हणतेय ती,” वडील म्हणाले.

मुलीने मान खाली घातली. मग मुलगी स्वतःच पुढे झाली, खुर्ची ओढून बसली आणि तिने आपलं फोल्डर उघडलं. आत सतरा फाइली होत्या. तिने पहिली लावली.

“इथे पायी जाणाऱ्यांना अकरा से... से...”

“सेकंद!” रेकॉर्डिंगमध्येच, घरातल्या पलीकडच्या खोलीतून एक पुरुषी आवाज आला. उत्साही, मायेने भरलेला.

दुसरी. “आजींना र... र...”

“रस्ता! रस्ता ओलांडायला!”

पाचव्या फाइलीत मुलगी गॅलरीत गेली असावी. मागे वाहनांचा आवाज होता. दार करकरलं आणि तोच आवाज अगदी जवळून म्हणाला, “काय अडलं बाळा? सिग्नल? सिग्नल म्हणायचंय ना?”

सतराव्या फाइलीत ती जवळजवळ कुजबुजत होती. तरीही.

वडिलांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण राग अजून पुरता विझला नव्हता.

“अगं, मग माझा आवाज तेवढा कापायचास की! एवढं शिकवलंय ना तुम्हाला?”

“का... का...”

वडिलांचं तोंड सवयीने उघडलं. बाईंनी नुसता तळहात वर केला. त्यांनी ओठ मिटून घेतले. मुलीने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. तिला कोणी घाई केली नाही.

“कापला, बाबा,” ती म्हणाली. “सतराही वेळा. पण तुमचा आवाज का... काढला, की माझं एकही वाक्य पूर्ण उरत नव्हतं.”