धुतलेली पिशवी

आईने बागेतल्या खड्ड्यातून निघालेली पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. पिशवी अनिरुद्धच्याच भोसरीच्या कारखान्यातली, वर हिरव्या अक्षरांत ‘तीन महिन्यांत माती होते’ असं छापलेली. अशा पिशवीला लागणारा मक्याचा स्टार्च महाग पडतो म्हणून तो त्यात साधं प्लास्टिक मिसळायचा. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती. जन्मात कधी मातीत प्लास्टिक न जाऊ देणाऱ्या आईने लेकाच्या शब्दावर गेल्या गणपतीतलं निर्माल्य पिशवीसकट सोसायटीच्या बागेत पुरलं होतं. “फुलांची छान माती झाली,” ती म्हणाली. तो खिशात असलेलीच किल्ली इकडेतिकडे शोधत राहिला. “माझं ऐकून सोसायटीतल्या बाकीच्या सगळ्या बायकांनी तसंच पुरलंय रे.” तिने दोरीवरची पिशवी काढून झटकली आणि आत त्याचा डबा ठेवून त्याच्या हातात दिली. “घेऊन जा. फाटायची नाही, माझी खात्री आहे.”