कॉइल बसवायचा मुहूर्त

"अहो, नको ही गाडी. रस्त्यावर कुणाला तरी हात करा," मागच्या सीटवरून बायको कळवळून म्हणाली.

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घुरघुरलं आणि गप्प बसलं. अॅम्ब्युलन्स पुलापलीकडे अडकली होती. मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की थांबू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलेलं. आणि गाडी नावाची ही बया हलायला तयार नाही!

त्यानं बॉनेट उघडलं. आत बघून त्याला काय कळणार, कपाळ!

"बॅटरी ठणठणीत आहे. ठिणगी पडत नसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पायात घरातल्या चपला, हातात चक्क वीज तपासायचं मल्टिमीटर.

"वरून आवाज ऐकला, म्हणून हे घेऊनच आलो. गाडी तुझी का रे?"

"हो. म्हणजे... हो, काका." त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा खालीवर लागली होती.

"छान जपलीयस हो," म्हातारबुवा म्हणाले आणि वाकून कामाला लागले. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या वायरी त्यांनी काढल्या. मग मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. पडद्यावर शून्य आलं.

"आधी मीटर खरं बोलतंय का ते बघायचं. मग दुसऱ्याचा खोटेपणा काढायचा."

त्यानं मान खाली घातली.

म्हातारबुवांनी टोकं कॉइलच्या दोन बारक्या खुंट्यांना लावली. "दीड ओहम. इथं ठीक आहे." मग मीटरचं बटण फिरवून एक टोक मधल्या भोकात घातलं. "इथं सात-आठ हजार यायला हवेत. आकडाच नाही. आतली तार तुटलीय. मेली बिचारी."

"आता हो काका?" त्याचा आवाज रडवेला झाला. गाडीत बायको दात आवळून कण्हत होती.

"थांब. अशाच गाडीची एक आणून ठेवलीय मी. बसवायचा मुहूर्तच लागत नव्हता."

त्या वयात माणूस जिना चढून गेला आणि धापा टाकत कॉइल घेऊन आला. ती बसली, वायरी लागल्या, किल्ली फिरली आणि गाडी शहाण्या बाळासारखी सुरू झाली.

त्यानं म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "काका, देवासारखे धावून आलात..."

"आरती नंतर ओवाळ. पळ आता! आणि दुसरा गिअर जरा अडतो. जबरदस्ती करू नकोस."

दुपारी मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या." तो तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडला. म्हातारबुवांचं नावसुद्धा विचारायचं राहिलं होतं. ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं, तो माणूस नेमका कुठल्या घरात राहतो तेही ठाऊक नाही. मनातल्या मनात त्यानं त्यांना शंभरदा नमस्कार घातला.

दिवस कलता कलता तो परतला. गाडी होती त्याच जागी, तशीच तिरपी लावली. सीट पुसली, चाकांचा चिखलही धुतला. मग फाटकाजवळच्या केबिनमध्ये शिरून त्यानं खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात चढवला.

आवारात गाड्या एकीमागे एक लागत, म्हणून लोक किल्ल्या पहारेकऱ्यापाशीच ठेवत. तो नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता; कुठली किल्ली कुठल्या घराची एवढंच ठाऊक, माणसं अजून ओळखीची नव्हती. ही गाडी तर तो आल्यापासून जागची हलली नव्हती. मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि फाटकालगतची खोलीही. तान्ह्या पोरीला घेऊन कुठं जाणार होता? पण म्हातारबुवांखेरीज कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना तर गाडी त्याचीच वाटली होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या मजल्याच्या हुकाकडे त्यानं किल्लीचा हात नेला, तोच इंटरकॉम वाजला. दिवा चौथ्या मजल्याचाच होता. किल्ली मुठीत लपवत त्यानं रिसीव्हर उचलला.

"मुलगा की मुलगी?" पलीकडून सकाळच्या म्हातारबुवांचा आवाज आला.

"मु... मुलगी."

"वा, लक्ष्मी आली! आणि ती किल्ली राहू दे तुझ्याकडेच. बाळबाळंतिणीला घरी काय चालवत आणणार आहेस?"